भांग, गांजा, चरस : एका झाडाच्या नावांचा इतिहास

चांगल्या घराण्यात एखादा उनाड निपजला की आपल्याकडील वडीलधारी मंडळी ‘तुळशीत भांग’ म्हणून सुस्कारा सोडतात. आणि सामान्य घरात गुणी लेकरू जन्मले की त्याला ‘भांगेतली तुळस’ म्हणून गौरवितात. या दोन्ही म्हणींत भांग ही एक जात आणि तुळस ही दुसरी जात, असे सरळ गृहीत धरलेले आहे. परंतु भांगेच्या झाडाची स्वतःची जी नावे आपल्या भाषांत शतकानुशतके चालत आली, ती पाहू लागलो म्हणजे एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगवेगळ्या झाडांची नावे नव्हेत. एकाच झाडाचे पान, त्याच झाडाच्या मादी रोपाचा फुलोरा आणि त्याच्याच अंगावरचा चीक यांची ती नावे आहेत. शेतकऱ्याने झाडाला नाव दिले ते त्याचे कूळ पाहून नव्हे. रोप नर की मादी, कामाचा भाग कोणता आणि त्यावर हाताची मेहनत कोणती, हे पाहून दिले. पुढे वनस्पतिशास्त्राने, सरकारी आबकारीने आणि अलीकडे परदेशी बागाईतदारांनी याच झाडाची आपापली वर्गवारी केली. या वर्गवारीचा इतिहास केवळ शब्दकोशाचा विषय नाही. आजही एखाद्या माणसाने किती वर्षे तुरुंगात काढायची, हे पुष्कळदा या तीन शब्दांपैकी कोणता शब्द पंचनाम्यात लिहिला जातो त्यावर ठरते. म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहणे उचित होईल.

प्रथम जुनी संस्कृत नावे घेऊ. अथर्ववेदात दर्भ, यव आणि सोम यांच्या सोबतीने भंगेचा उल्लेख येतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तीळ, उडीद, जवस यांच्या पंक्तीला भंगा बसलेली आहे, आणि तीही शेताच्या संदर्भात : भंगेचे शेत ते ‘भङ्ग्य’ किंवा ‘भाङ्गीन’. म्हणजे ज्या काळी व्याकरणकाराला या झाडाची आठवण झाली त्या काळी ते पेरणीच्या पिकांत मोडत होते. अमरकोशानेही भंगेला वैश्यवर्गात, धान्याच्या शेजारी जागा दिली असून तिचा पर्याय ‘मातुलानी’ असा सांगितला आहे. मातुलानी म्हणजे मामाची बायको, आपली मामी! हे नाव झाडाला कसे चिकटले याची चर्चा न करता एवढेच म्हणता येईल की त्या नावात नशेचा वास नाही. नशेचा वास येतो तो पुढच्या वैद्यकीय निघंटूंत. सोळाव्या शतकातील भावप्रकाशापर्यंत येता येता भंगेच्या जोडीला गञ्जा, मादिनी, विजया, जया अशी नावे एकत्र नोंदली गेलेली दिसतात. ‘मादिनी’ म्हणजे मद आणणारी. ‘विजया’ तर अजूनही भाविकांच्या आणि वैद्यांच्या बोलण्यात आहे. धाग्याचे आणि बियांचे पीक ते औषधी आणि मादक वनस्पती, असा हा नावांचा प्रवास आहे. हिमालयाच्या कुशीत मात्र जुना अर्थ टिकून राहिला. कुमाऊँ-गढवालकडे या झाडाच्या सालीच्या धाग्यापासून विणलेल्या जाड कापडाला ‘भंगेला’ म्हणतात.

हे एकच झाड की दोन, असा प्रश्न युरोपीय माणसाला पहिल्यांदा पडला तो आपल्या गोव्यात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्याने ‘बांग’वर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. आपल्या देशात दोरखंडासाठी जे झाड लावतात ते आणि ही बांग एक नव्हे, असे त्याने निक्षून सांगितले; कारण इकडचे बी लहान, तितके पांढरे नाही, आणि इकडची माणसे त्यापासून धागा काढीत नाहीत. त्याची परीक्षा शेतकऱ्याचीच होती : बी कसे आहे आणि झाडाचा उपयोग काय? पुढे मलबारच्या डच अधिकाऱ्याने, हेन्ड्रिक व्हान र्‍हीडने, ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. त्याच्या दहाव्या खंडात या झाडाची दोन चित्रे दोन मलयाळी नावांखाली दिली आहेत : कळंगी-कंजाव आणि चेरु-कंजाव. दोन नावे, दोन चित्रे. पण झाड एकच, फक्त नर आणि मादी यांचा भेद.

येथे या झाडाचा एक स्वभाव सांगणे अवश्य आहे. बहुतेक झाडांत एकाच फुलात किंवा एकाच झाडावर पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. भांगेचे तसे नाही. पपईप्रमाणे हिची काही रोपे नर असतात, काही मादी. नर रोप पराग उधळून लवकर वाळते. मादी रोप मागे राहून बी धरते. मादी रोपाला पराग मिळाला नाही तर फुलोरा बी न धरता वाढतच राहतो आणि त्यावर चिकट राळ साचते. गांजा म्हणतात तो याच बिनबियाच्या, राळेने माखलेल्या फुलोऱ्याला. म्हणून गांजाच्या शेतातील सगळ्यांत मोठे कौशल्य नर रोप वेळेवर ओळखून उपटून टाकण्याचे होते. बंगालच्या नवगाव भागात, जो आज बांगलादेशात आहे, हे काम करणारा खास जाणकार असे. त्याला ‘परखदार’ किंवा ‘पोद्दार’ म्हणत आणि इंग्रज अधिकारी त्याला चक्क ‘गांजा-डॉक्टर’ म्हणत. परखदार म्हणजे पारख करणारा, पोद्दार म्हणजे नाणी पारखणारा. सराफाच्या पेढीवरील शब्द शेतात उतरला, यावरून त्या नजरेची किंमत कळावी.

वनस्पतींनाही लिंगभेद असतो हे युरोपात प्रयोगाने दाखविले ते कामेरारियुसने, १६९४ साली. त्यापूर्वी तिकडचा शेतकरीही नावे देत होता, पण अंदाजाने. आणि गंमत अशी की ती उलटी पडली. बारीक, नाजूक आणि लवकर वाळणाऱ्या रोपाला त्यांनी ‘स्त्री’ ठरविले, तर दणकट आणि बी धरणाऱ्या रोपाला ‘पुरुष’. इंग्रजीतील ‘फिंबल’ आणि ‘कार्ल’ हे जुने शब्द याच समजुतीतून आले. पहिल्याच्या मुळाशी स्त्रीवाचक शब्द आहे, दुसऱ्याच्या मुळाशी पुरुषवाचक. शब्द चुकला, तरी कोणते रोप आधी काढायचे आणि कोणते राखायचे हे मात्र शेतकऱ्याला अचूक ठाऊक होते. आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरात नर-मादी अशी भाषाच न वापरता दोन्ही प्रकारच्या रोपांना ‘फूलभंग’ आणि ‘गुलभंग’ अशी जुळी नावे दिली गेली.

या साऱ्या विखुरलेल्या शब्दांना सरकारी शिक्का बसला तो १८९३-९४ साली. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावरून हिंदुस्थान सरकारने या झाडाच्या लागवडीची, व्यापाराची आणि परिणामांची चौकशी करण्यासाठी सात जणांचे एक कमिशन नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ होते, आणि आपल्या मध्यप्रांताचे अधिकारी ए. एच. एल. फ्रेझरही होते. कमिशनने ११९३ साक्षी नोंदविल्या. अहवाल सात खंडांचा झाला. माफक सेवनाने सामान्यतः विशेष अपाय होत नाही आणि सरसकट बंदी इष्ट नाही, हा त्याचा निष्कर्ष पुष्कळांना माहीत असतो. परंतु भाषेच्या दृष्टीने त्याचे मोठे काम वेगळेच आहे. प्रांतोप्रांतीचे शब्द गोळा करून त्याने तीन व्याख्या पक्क्या केल्या : भांग म्हणजे वाळलेली पाने, मग झाड रानटी असो वा लावलेले, गांजा म्हणजे लागवडीच्या मादी रोपाचा राळयुक्त फुलोरा, आणि चरस म्हणजे झाडावरून काढलेली राळ. नवगावच्या गांजाचे पुन्हा ‘चपटा’, ‘गोल’ आणि ‘चूर’ असे पोटभेद होते. तेही झाडाचे वाण नव्हेत. तुडवून दाबलेला तो चपटा, वळून गोल केलेला तो गोल, आणि झडून पडलेला तो चूर. चरस तर बहुतेक आपल्या हद्दीतला नव्हेच. तो यारकंदहून लेहमार्गे पंजाबात उतरे.

आपल्या वाचकांना या अहवालातील दोन ठिकाणे विशेष जवळची वाटतील. पहिले खांडवा. मध्यप्रांतात गांजाची परवानगीची लागवड निमाड जिल्ह्याच्या खांडवा तहसिलीपुरती मर्यादित केलेली होती आणि माल सरकारी कोठारात जमा होई. दुसरे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. मुंबई इलाख्यातील गांजाचा मोठा भाग त्या जिल्ह्यात पिके. त्याखेरीज खानदेश, सातारा, सोलापूर येथे थोडी लागवड होती. भोपाळहून इटारसीमार्गे खांडव्याला जाणाऱ्या गाडीत बसणारे आपण, पुढे बुऱ्हाणपूर-भुसावळकडे मराठी मुलखात उतरतो. या वाटेवर निमाडी, मराठी आणि माळवी यांची सरमिसळ आहे. त्या भाषांतील शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द मात्र इंग्रजी अहवालात इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकल्याप्रमाणे उतरले.

इंग्रजीतील एका शब्दाने यात आणखी गोंधळ घातला. त्या भाषेत ‘हेम्प’ हा शब्द या झाडासाठी आहे. पण आपल्या तागाला आणि अंबाडीलाही इंग्रजांनी अशीच कोणती तरी ‘हेम्प’ ठरविले. दख्खनी हेम्प म्हणजे आपली अंबाडी, जिची भाजी आपण भाकरीबरोबर खातो. ताग शेंगवर्गातला, अंबाडी भेंडीच्या आप्तांपैकी आणि भांग या दोघांहून सर्वस्वी निराळी. मराठी शेतकऱ्याने या तिघांना कधी एका नावात कोंबले नव्हते. धागा सर्वांपासून निघतो, एवढ्या एका समानतेवर व्यापाऱ्याने तिघांची एकच कोठी केली.

आता शास्त्रीय नावांकडे वळू. लिनियसने १७५३ साली या वंशातील एकच जाती मानली आणि तिला ‘कॅनाबिस सॅटायवा’ म्हटले. सॅटायवा म्हणजे पेरलेली, लागवडीची. १७८५ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क याच्यासमोर हिंदुस्थानातून आलेले नमुने होते. ते युरोपीय झाडाहून वेगळे दिसल्याने त्याने दुसरी जाती कल्पिली आणि तिला ‘इंडिका’ हे नाव दिले. म्हणजे इंडिका हे मूळचे आपल्या झाडाचे नाव. १९२४ साली रशियात ‘रुडेरालिस’ ही तिसरी जाती सांगितली गेली. इथवर ठीक होते. १९७० च्या दशकात मात्र अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टस अफगाणिस्तानात गेले. तेथील ठेंगणी, रुंद पानांची, झुपकेदार झाडे त्यांनी ‘इंडिका’ या नावाखाली वर्णिली. त्याच सुमारास अमेरिकेत आणि हॉलंडमध्ये चोरून लागवड करणाऱ्या हौशी बागाईतदारांनी ती भाषा उचलली. त्यांच्या बोलण्यात ‘इंडिका’ म्हणजे अफगाणी ठेंगणे झाड, आणि ‘सॅटायवा’ म्हणजे उष्ण प्रदेशातील उंच, अरुंद पानांचे झाड, असा संकेत रूढ झाला. परिणामी आपल्या दक्षिणेतील आणि मध्य भारतातील गांजाचे झाड, ज्याच्यासारख्या झाडावरून लामार्कने ‘इंडिका’ हे नाव काढले, ते त्या मंडळींच्या हिशेबी ‘सॅटायवा’ ठरते! हिंदुस्थानचे नाव अफगाणिस्तानला गेले आणि युरोपीय पिकाचे नाव हिंदुस्थानला मिळाले.

याच बागाईतदारांची आणखी काही नावे ऐकण्यासारखी आहेत. ‘कुश’ हे त्यांचे लाडके नाव. आपल्या कानाला ते दर्भासारखे लागते, पण त्याचा संबंध हिंदुकुश पर्वताशी आहे. ‘सिन्सेमिया’ हा स्पॅनिश शब्द, अर्थ ‘बी नसलेला’. म्हणजे नवगावचा परखदार जे घडवीत असे तेच, मेक्सिकोमार्गे नवे नाव घेऊन आले. कुलूचे मलाणा गाव किंवा केरळचा इडुक्की जिल्हा यांची नावे चोरट्या बाजारात मालाची बिरुदे बनली. एखाद्या वेगळ्या रोपाला ते ‘स्ट्रेन’ म्हणतात. हा शब्द वास्तविक जंतूंच्या प्रकारांना वापरतात. लागवडीच्या वाणांसाठी आंतरराष्ट्रीय नामकरणसंहिता आहे. तिच्यानुसार वाण म्हणजे ज्याचे गुण ठरलेले आहेत, जे पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरतात आणि ज्याचे वर्णन प्रसिद्ध झालेले आहे असे रोप. आपला शेतकरी गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या वाणाबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मागे बियाण्याची खात्री असते. भांगेच्या या नव्या नावांना तो आधार क्वचितच असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडियन अभ्यासात मादक प्रकारच्या ८१ आणि धाग्याच्या प्रकारच्या ४३ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली. धाग्याचे प्रकार वेगळे ओळखू आले. पण ‘सॅटायवा’ आणि ‘इंडिका’ ही लेबले जनुकांशी फारशी जुळली नाहीत. शंभर टक्के सॅटायवा म्हणून मिरविणारे एक जमैकाचे झाड शंभर टक्के इंडिका म्हणविणाऱ्या अफगाणी झाडाशी जवळजवळ एकरूप निघाले. २०२० साली मॅकपार्टलंड आणि स्मॉल या शास्त्रज्ञांनी जुने वनस्पतिसंग्रह तपासून नवी वर्गवारी मांडली. तीत दक्षिण आशियाच्या लागवडीतील झाडाला ‘इंडिका’ हे नाव परत मिळाले आणि अफगाणी झाडाला ‘अफगाणिका’ हे स्वतंत्र नाव लाभले.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? त्याचे उत्तर न्यायालयात मिळते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील काही वकिलांनी असा युक्तिवाद केला की कायद्यात केवळ ‘कॅनाबिस सॅटायवा’ निषिद्ध आहे, आमच्या अशिलाकडे सापडली ती ‘इंडिका’. सबब गुन्हाच घडलेला नाही. त्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या. आपल्या देशात प्रश्न जातीचा नाही, भागाचा आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात या झाडाची व्याख्या फुलोऱ्यावरून केली गेली आणि नुसती पाने तिच्यातून वगळली गेली. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात तीच रचना उतरली : चरस आणि गांजा यांचा समावेश आहे, फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणून भांग राज्यांच्या आबकारीकडे राहिली. मध्यप्रदेशात परवान्याची भांगेची दुकाने आपण पाहत आलो आहोत. उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगारही सर्वज्ञात आहे.

आता वजनांकडे पाहावे. २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाचे ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यापारी प्रमाण’ वीस किलोच्या वर. चरसाचे अल्प प्रमाण शंभर ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण एक किलोच्या वर. समजा, कोणाजवळ दोन किलो वजनाची पुरचुंडी सापडली. तीत निव्वळ पाने असतील तर प्रकरण राज्याच्या आबकारी नियमांचे. फुलोरा असेल तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा. राळ असेल तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. झाड तेच, शेत तेच असू शकेल. पानांबरोबर शेंडे किती आले, दळलेल्या पुडीत फुलोरा आहे की नाही, हे पाहण्याची परखदाराची नजर आज पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराकडे असतेच असे नाही. ज्या शब्दांचा जन्म शेतकऱ्याच्या बारकाईतून झाला, ते शब्द ती बारकाई वजा करून कायद्यात वापरले गेले, तर त्याची झळ सहसा गरीब माणसालाच लागते.

आणि इकडे जुन्या अर्थाचे पुनरागमनही होत आहे. उत्तराखंडाने २०१८ च्या सुमारास अत्यल्प मादक अंशाच्या भांगेच्या लागवडीला धाग्यासाठी परवाने देण्यास आरंभ केला. २०२१ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना आणि बियांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली. पाणिनीने जिला तीळ-उडदांच्या पंक्तीत बसविले, ती भंगा अडीच हजार वर्षांच्या फेऱ्यानंतर पुन्हा धान्याच्या दुकानात आली आहे. तिच्यावरील वेष्टनावर मात्र बहुधा इंग्रजी ‘हेम्प’ हाच शब्द असतो. कारण ‘भांग’ म्हटले की गिऱ्हाईक बिचकते.

आपल्या सभासदांना या इतिहासात एक काम करण्याजोगे आहे. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली. त्याआधीची कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास या संस्थानांशी जोडलेली होती. यांतील कितीतरी घरांत आबकारी, जमाबंदी, वन आणि शेती खात्यांत नोकरी केलेली माणसे होऊन गेली. खांडव्याकडचा किंवा माळव्यातील शेतकरी नर रोपाला काय म्हणे, उपटणीला काय म्हणे, बिनबियाच्या फुलोऱ्याला आणि पानांच्या चुऱ्याला कोणते शब्द होते, याची नोंद एखाद्या जुन्या रोजनिशीत, टिपणवहीत किंवा आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणीत असण्याचा संभव आहे. अशा वह्या घर बदलताना रद्दीत जातात. त्या चाळून आपल्याला आढळलेले शब्द, ते कोणत्या गावचे आणि कोणत्या अर्थाने वापरले जात, एवढ्या टिपणासह मंडळाकडे पाठवावेत. झाडाची लागवड थांबली म्हणून ती ओळखणाऱ्या भाषेनेही नाहीसे व्हावे, असे नाही. आणि ज्या शब्दांवर आज माणसांची वर्षे मोजली जातात, त्यांचे मूळ अर्थ तरी आपल्या भाषेत शाबूत राहावेत.